सोसायटीचा एसटीपी सांभाळणारी नवी एजन्सी: साडेतीन स्टार

मालाड पश्चिमेला आमचे दोन टॉवर आहेत. सांडपाणी तळघरातल्या एसटीपीत शुद्ध होतं आणि फ्लशला, बागेला परत वापरलं जातं. मी सोसायटीचा खजिनदार. एजन्सी बदलल्याला वर्ष होत आलं, म्हणून लिहितोय. नाव मुद्दाम टाकत नाही, करार अजून चालू आहे.

आधीचे लोक दर महिन्याला लॅबचा झकास रिपोर्ट आणायचे. बीओडी, म्हणजे पाण्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीचं माप, कायम 10 च्या आत! आणि इकडे फ्लशमध्ये पातळ चहासारखं पाणी, पहिल्या मजल्यावरच्या काकू उदबत्त्या लावून हैराण. सॅम्पल कुठल्या नळाचं होतं देव जाणे. भानगड नंतर कळली. लाइटबिल कमी दिसावं म्हणून टाकीत हवा सोडणारे ब्लोअर रात्री बंद ठेवायचे. टाकीतली घाण खाणाऱ्या जिवाणूंना सतत हवा लागते. ती तासन्‌तास मिळाली नाही की ते मरायला लागतात आणि वास सुटतो.

नव्यांचा ऑपरेटर तरुण आहे, पण कामाला पक्का. रोज सकाळी एरेशन टाकीतलं (हवा सोडतात त्या टाकीतलं) पाणी एक लिटरच्या सिलिंडरमध्ये भरतो आणि अर्धा तास त्याला हात लावत नाही. खाली तपकिरी गाळ बसतो, वर नितळ पाणी. गाळाची रेघ 300 मिलिच्या आसपास असली की स्वारी खूश. फार वर चढली तर जादा गाळ फिल्टर प्रेसला, म्हणजे गाळ पिळणाऱ्या यंत्राला, सोडतो. आकडा रजिस्टरमध्ये लिहितो, कमिटीतल्या कुणीही जाऊन बघावा. लॅबच्या कागदापेक्षा मला ही रेघ जास्त पटते.

दुसरं म्हणजे, टाकी साफ करायला हे लोक सक्शन गाडी आणतात. आधीचे म्हणाले होते, ‘तासाभराचं काम आहे साहेब, माणूस उतरवतो.’ 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा आहे. एसटीपीच्या टाकीतला गॅस काही वेगळा नसतो.

‘महापालिका मालाडला रोज 454 दशलक्ष लिटरचं केंद्र बांधतेय, मग आपला खर्च कशाला?’ असं एकाने मीटिंगमध्ये विचारलं. आपला प्लँट बंद होता तेव्हा फ्लशच्या पाण्यासाठी मागवलेल्या टँकरची बिलं मी ग्रुपवर टाकली. परत कुणी विचारलं नाही.

दीड स्टार कापला तो दोन कारणांनी. ऑपरेटर सुट्टीवर गेला की बदली माणूस वेळेवर येत नाही, वॉचमनलाच पंप चालू-बंद करावे लागतात. आणि हायपोचं (जंतू मारायच्या क्लोरीनच्या द्रावणाचं) बिल वेगळं लावतात, कोटेशनमध्ये ते बारीक अक्षरात होतं. नूतनीकरणाच्या वेळी हायपो, फिल्टरची वाळू आणि कार्बन एकाच रकमेत धरून मागणार आहे. नाही म्हणाले तर दुसरी दोन कोटेशनं ड्रॉवरमध्ये तयार आहेत.