मोटारीच्या नावाची फोल्डिंग सायकल साताऱ्याच्या चढावर

एका प्रसिद्ध परदेशी मोटार कंपनीचे नाव आणि चिन्ह मिरवणारी ही फोल्डिंग सायकल साताऱ्यातील राजपथावरच्या एका दुकानातून भाच्यासाठी घेतली. तो तिच्यावरून रोज कॉलेजला जातो आणि मीही ती यवतेश्वरच्या घाटापर्यंत भरपूर चालवली आहे. दुकानात येणारी मुले आधी ते चिन्ह पाहतात आणि मग गिअर विचारतात. मोटार चालवण्याच्या परवान्यासाठी वयाची 18 वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्याआधीच आपले नाव या मुलांच्या मनात रुजावे, हा कंपन्यांचा हेतू स्पष्ट दिसतो.

मोटार आणि सायकल यांचे नाते मुळात खोटे नाही. प्युजोने 1882 मध्ये, तर ओपेलने 1886 मध्ये सायकली बनवायला सुरुवात केली, म्हणजे दोघांच्याही मोटारी नंतरच्या. स्कोडाचे मूळ असलेली लॉरिन आणि क्लेमेंट ही कंपनीही 1895 मध्ये सायकलींपासूनच उभी राहिली. पुढे 1980 च्या दशकात फेरारीच्या अभियंत्यांनी इटलीच्या कोल्नागो या सायकल कंपनीबरोबर कार्बन फ्रेमवर काम केले, तेव्हा मोटारीचे ज्ञान खरोखर सायकलीत उतरले. आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक अशा सायकलींचे तसे नसते. मोटार कंपनी फक्त नाव वापरण्याची परवानगी देते आणि सायकल दुसराच कारखाना बनवतो. काही सायकलींवर तर परवानगीशिवायच चिन्हे चिकटवलेली असतात. म्हणून बिलावर आणि वॉरंटी कार्डावर प्रत्यक्ष उत्पादकाचे नाव आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहावेच.

आता सायकलीविषयी. रंगकाम देखणे आहे, बिजागर घट्ट बसते आणि घडी घातलेली सायकल जिन्याखाली सहज मावते. सदर बझार किंवा गोडोलीच्या सपाट रस्त्यांवर 21 गिअर पुरून उरतात. खरी परीक्षा यवतेश्वरच्या चढावर होते. लोखंडी फ्रेम आधीच जड, त्यात मागे सस्पेन्शन. पेडलवर उभे राहून जोर दिला की स्प्रिंग दबते आणि पायाची बरीच ताकद चाकापर्यंत पोहोचण्याआधीच तिथे जिरते. कासला जाण्याची हौस असणाऱ्या मुलाने ही सायकल घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. उतारावर डिस्क ब्रेक चांगले लागतात, मात्र ते वायरचे असल्याने वारंवार ताणून घ्यावे लागतात.

सर्वांत खटकली ती मॅग व्हील, म्हणजे तारांऐवजी एकसंध ओतलेली चाके. तारांच्या चाकाला खड्ड्यात मार बसला, तर कोणताही सायकलवाला तारा कसून चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून देतो. एकसंध ओतीव चाकात ती सोय नाही, चाकच बदलावे लागते. याच किमतीत तारांची चाके आणि मागे सस्पेन्शन नसलेली साधी भारतीय सायकल मिळते. ती चढाला हलकी जाते आणि तिची दुरुस्ती पोवई नाक्यापासून शाहूपुरीपर्यंत कुठेही होते.

दुकानातील मिस्त्रींविषयी मात्र चांगलेच लिहिले पाहिजे. त्यांनी पहिली सर्व्हिसिंग मन लावून केली, बिजागराची कुलूपकळ दर वेळी कशी तपासायची हे भाच्याच्या हातून करवून घेतले आणि पैसे घेतले नाहीत. पुढे मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे गिअर फ्रेमला जोडणारी पट्टी, वाकला, तेव्हा त्यांच्याकडे या मॉडेलचा सुटा भाग नव्हता. तो पुण्याहून मागवावा लागला आणि तोवर सायकल दुकानातच पडून राहिली.