समुद्रकाठचा तंबू: अख्ख्या मोसमाच्या वापरानंतर

तंबू घेताना सगळ्यांची नजर आधी पाण्याच्या आकड्यावर जाते. कापड किती मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब झेलतं, 2000 की 3000, यावर तासन्‌तास चर्चा होते. जुनी बंदरं, तटबंदीची गावं आणि त्यांच्यामधली किनारी उद्यानं अशा मुक्कामांवर एक तंबू कित्येक महिने वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय: समुद्रकाठी तंबू किती टिकेल हे खुंट्या, चेन आणि आतल्या खोलीचं कापड या तीन गोष्टींवर ठरतं. पाण्याच्या आकड्याचा नंबर त्यानंतर लागतो.

तंबू दोन माणसांचा, घुमटाकार, दुहेरी भिंतीचा आहे, म्हणजे बाहेर आवरण आणि त्याच्या आत झोपायची वेगळी कापडी खोली. बाहेरचं आवरण पॉलिएस्टरचं, तळ 3000 मिलिमीटरचा, एकमेकांना छेद देणारे अ‍ॅल्युमिनियमचे दोन पोल आणि दारापुढे लहानशी ओसरी. वजन तीन किलोच्या थोडं वर. पोल अडकवले की खुंट्या न ठोकताही तो स्वतःच्या पायांवर उभा राहतो, आणि जुन्या गावांमध्ये याच गुणाचा सर्वांत जास्त उपयोग झाला. तिथल्या मुक्कामाच्या जागा बहुधा दाबून बसवलेल्या खडीच्या किंवा फरसबंदीच्या असतात. खुंटी आत जात नाही. आणि जिथं जमिनीखाली जुन्या बांधकामाचे अवशेष असू शकतात, तिथं ती ठोकूही नये. दोर तटाच्या दगडांना बांधायचा मोह अनेकांना होतो, पण चुन्याचे जुने सांधे अशा ताणाला बनवलेले नसतात. कोपऱ्यांच्या कड्यांना पाण्याने भरलेले डबे किंवा वाळूच्या पिशव्या बांधल्या की काम भागतं.

अशा गावांत समुद्राकडे तोंड असलेला तट जवळून जरूर बघा. दगडाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली दिसतात. लाटांचे तुषार दगडाच्या छिद्रांत मुरतात, पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि आतून दगड फोडतात. दर लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. दगडाची ही अवस्था करणारं मीठ तंबूच्या चेनमध्ये आणि पोलच्या जोडांतही शिरतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की तंबू धुवायचा कंटाळा येत नाही.

आता पुळणीवरचं बोलू. तंबूसोबत आलेल्या वीतभर लांबीच्या खुंट्या मातीत उत्तम बसतात, कोरड्या वाळूत मात्र हाताने उपसून येतात. त्यांच्या जागी मी फूटभर लांबीच्या, रुंद पन्हाळीच्या आकाराच्या खुंट्या घेतल्या. ओलसर वाळूत त्या घट्ट बसतात, कारण कणांमधलं पाणी कणांना धरून ठेवतं. दिवसभराच्या उन्हाने वाळू सुकली की पकड सैल होते, म्हणून संध्याकाळी प्रत्येक दोर तपासावाच लागतो. खरा भरवसा पुरलेल्या पिशवीचा. मजबूत कापडी पिशवी वाळूने भरायची, तिला दोर बांधायचा, हातभर खोल खड्ड्यात ती पुरायची आणि वर वाळू तुडवून दाबायची. दोर तंबूकडे तिरका जायला हवा, सरळ वर आला तर पिशवी उचलली जाते. चार कोपऱ्यांना अशा चार पिशव्या असल्या की रात्री झोप लागते.

वाऱ्याचा हिशेब समजून घेतला तर एवढी खटपट कशासाठी हे कळतं. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी 20 किलोमीटरच्या वाऱ्यात निवांत उभा असलेला तंबू ताशी 40 ला चौपट जोराने ढकलला जातो. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट श्रेणीत ताशी 39 ते 49 किलोमीटर म्हणजे 6 क्रमांकाचा वारा. त्यात हा तंबू उभा राहिला, पोल वाकून परत सरळ झाले, पण आवरणाची फडफड एवढी होती की बोललेलं ऐकू येत नव्हतं. त्याहून जोराचा अंदाज असेल तर मी तंबू लावत नाही. दार कुठल्या दिशेला ठेवायचं हेही वाऱ्यावरच ठरतं. दुपारी खारा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, रात्री मतलई वारा उलट वाहतो. म्हणून मी तंबूची अरुंद बाजू समुद्राकडे ठेवते आणि दाराचं तोंड किनाऱ्याच्या लांबीच्या दिशेला.

वाळू हा या तंबूचा कमकुवत मुद्दा. आतल्या खोलीचा वरचा अर्धा भाग जाळीचा आहे. उकाड्यात ती जाळी सुखाची वाटते, पण वारा सुटला की बारीक वाळू आवरणाखालून घुसते आणि जाळीतून थेट अंथरुणावर गळते. जाळी डास अडवते, पण वाळूचे सर्वांत बारीक कण मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असतात. पुन्हा घ्यायचा झाला तर मी भिंती घट्ट विणीच्या कापडाच्या आणि फक्त माथ्याजवळ जाळीच्या खिडक्या असलेला तंबू घेईन. थोडं उकडेल, पण डोळ्यांत वाळू जाणार नाही.

चेन अजून चालू आहे, आणि त्याचं श्रेय निगेला द्यावं लागेल. दात नायलॉनच्या वेटोळ्यांचे असल्यामुळे गंजत नाहीत. झिजतो तो धातूचा रनर, म्हणजे चेन लावताना-उघडताना सरकवतो तो तुकडा. वाळू त्याला आतून घासते, तोंड फाकतं आणि मागे दात उघडे राहू लागतात. ओसरीच्या दाराचा रनर मधेच असा झाला. पक्कडीने दोन्ही कडा अगदी हलक्या दाबल्यावर पुन्हा नीट चालू लागला. मुक्काम हलवताना जुन्या टूथब्रशने चेन झाडायची, गोडं पाणी ओतायचं आणि सुकल्यावर मेण फिरवायचं. तेल अजिबात नको, त्याला वाळू चिकटून घासणी वाढते.

पोलचे तुकडेही जोडांत सुटे करून गोड्या पाण्याने धुवावे लागतात. आतला रबरी दोर ताणून ठेवून तसेच सुकवले की जोड अडकत नाहीत. घडी घालताना मधल्या तुकड्यापासून सुरुवात केली तर त्या दोरावर सारखा ताण येतो.

सकाळी तंबू ओला का असतो, असं अनेक जण विचारतात. थोडं दव, थोडा श्वासातला ओलावा, आणि किनाऱ्यावर त्यात मिठाची भर. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांपुढे गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. त्यामुळे न धुतलेलं आवरण पावसाशिवायही चिकट आणि दमट राहतं. धुतलेलं आवरण सकाळी लवकर सुकतं, हा फरक मला पहिल्या धुण्यानंतर लगेच जाणवला. पॉलिएस्टर ओलं झाल्यावर नायलॉनसारखं सैल पडत नाही आणि उन्हातही तुलनेने जास्त टिकतं. रंग फिका पडलाय, कापड मात्र शाबूत आहे.

जागेबद्दल थोडं. किनाऱ्यावर शेवाळाची आणि काटक्यांची जी ओळ दिसते ती गेल्या भरतीची खूण. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतं आणि पाणी त्या ओळीच्या बरंच वर चढतं. म्हणून मुक्काम उद्यानाने आखून दिलेल्या जागेतच, आणि वाळूच्या टेकड्यांवर तर मुळीच नाही. तिथलं गवत आणि वेली वाळू धरून ठेवतात, पायाखाली तुडवल्या गेल्या की टेकडी वाऱ्याबरोबर सरकू लागते. कासवांच्या विणीच्या किनाऱ्यावर दिवे बंदच ठेवावेत. अंड्यातून निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात आणि तंबूतला दिवा त्यांना समुद्रापासून दूर नेतो.

पावसाबद्दल तक्रार नाही. शिवणीवरची पट्टी अजून सुटलेली नाही. तळाखाली अंथरायची ताडपत्री मात्र तळापेक्षा चारी बाजूंनी थोडी लहान हवी, नाहीतर आवरणावरून उतरलेलं पाणी तिच्यावर साचून तळाखाली जातं.

गाडीने किंवा बसने फिरणाऱ्या दोघांना हा तंबू मी नि:शंक सुचवेन, खुंट्यांचा खर्च वेगळा धरून. सगळं सामान पाठीवर घेऊन किनाऱ्याने चालत जाणाऱ्यांना तो जड पडेल. मोसम संपल्यावर तो पिशवीत दाबून ठेवू नका. आवरणाच्या आतला पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर दमटपणात चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो आणि मग तो सोलून निघतो. माझा तंबू धुऊन, सावलीत पूर्ण सुकवून, मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवलेला आहे. पोल वेगळे, खुंट्या वेगळ्या, आणि ओसरीच्या दारासाठी एक नवा रनर आणून त्याच पिशवीच्या खिशात टाकलाय.