फ्रान्सच्या खेड्यात आठवडा काढायचाय: दोर्दोन्य, लुबेरों की अल्सास?

पॅरिस बघून झालं, आता फ्रान्सचं खेडं बघायचं, असं ठरवलं की पहिला पेच पडतो तो जागेचा. जुनी, देखणी गावं देशभर विखुरलेली आहेत. 'फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं' या नावाची एक संघटनाच तिथे 1982 पासून आहे. कोलोंज-ला-रूज या तांबड्या दगडाच्या गावच्या महापौरांनी ती उभी केली. वस्ती दोन हजारांच्या आत आणि निदान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळं, ही तिची अट. यादीत दीडशेच्या वर गावं आहेत. ती वाचत बसलं की सगळीच हवीशी वाटतात आणि मग आठ दिवसांत तीन प्रांत असा बेत आखला जातो. असा बेत करू नका. निम्मा वेळ महामार्गावर जातो आणि गावं दुपारच्या गर्दीतच भेटतात. एकच प्रदेश निवडा, एकाच ठिकाणी मुक्काम करा.

माझ्याकडे विचारणा होते ती बहुतेक तीन प्रदेशांबद्दल: नैर्ऋत्येचं दोर्दोन्य, आग्नेयेचं लुबेरों आणि ईशान्येला जर्मनीला लागून असलेलं अल्सास. तिन्हीकडे मी वेगवेगळ्या वर्षी राहिले आहे. माझा कल दोर्दोन्यकडे आहे, हे आधीच सांगते. पण तुमच्यासाठी उत्तर वेगळं असू शकतं, आणि ते दोन गोष्टींवर ठरतं: सुट्टी कधी आहे आणि घरात गाडी चालवायला कोण तयार आहे.

आधी कॅलेंडर

आपल्याकडे शाळेची मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये. लुबेरोंचं नाव मात्र मनात बसलेलं असतं ते जांभळ्या लॅव्हेंडरमुळे. तिथे लॅव्हेंडर फुलतं जूनच्या अखेरीस आणि जुलै सरेपर्यंत बहुतेक कापून होतं. मेमध्ये सेनांकच्या मठासमोर उभे राहाल तर समोर करड्या-हिरव्या झुडपांच्या ओळी असतील, फूल नाही. तेवढ्या एका दृश्यासाठी जाणार असाल तर मेची तिकिटं काढू नका. मे महिना दोर्दोन्यचा. झाडी कोवळी, नदी भरलेली आणि जुलै-ऑगस्टची गर्दी अजून लांब.

दिवाळीच्या सुट्टीत अल्सास घ्या. द्राक्षमळे पिवळे-तांबूस झालेले असतात. दोर्दोन्यला ऑक्टोबरात अक्रोड उतरवतात, हवा सुरेख असते, पण नोव्हेंबर लागला की बरीच हॉटेलं बंद होतात. नाताळात अल्साससारखी रोषणाई या तिघांत दुसरीकडे नाही, मात्र मुक्कामाची सोय कित्येक महिने आधी करावी लागते.

दोर्दोन्य: नदी, कडे आणि समोरासमोरचे दोन किल्ले

गड चढत वाढलेल्या माणसाला हा प्रदेश लगेच आपला वाटतो. दोर्दोन्य नदीच्या एका काठावर कड्याच्या टोकाला बेनाकचा किल्ला, तर पलीकडच्या काठावर कास्तेलनो. शंभर वर्षांच्या युद्धात (1337 ते 1453) बेनाक फ्रेंचांकडे होता आणि कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे. मधे फक्त नदी. बेनाकच्या तटावर उभं राहिलं की समोरच्या गडावरची हालचाल दिसते, आणि त्या काळी पहारेकऱ्याची रात्र कशी जात असेल ते कुणी सांगावं लागत नाही. कास्तेलनोमध्ये मध्ययुगीन युद्धसाहित्याचं संग्रहालय आहे. तटावर दगड फेकणारी प्रचंड लाकडी यंत्रं मूळ मापाची बांधून ठेवली आहेत. मुलं तिथून हलत नाहीत.

याच नदीवर ला रोक-गाजाक. कडा, कड्याला चिकटून घरं, घरांसमोर एकच रस्ता आणि लगेच पाणी. 1957 मध्ये कड्याचा मोठा भाग कोसळून घरं गाडली गेली आणि तीन माणसं गेली. गावकऱ्यांनी गाव सोडलं नाही. वर दोम हे तटबंदीचं गाव, 1281 मध्ये फ्रेंच राजाने वसवलेलं. पुढे 1307 नंतर टेम्पलर या ख्रिस्ती योद्ध्यांच्या पंथाचे सरदार पकडले गेले, तेव्हा त्यातल्या काहींना दोमच्या वेशीच्या बुरुजांत डांबलं होतं. भिंतींवर क्रूस आणि क्रूसावरचा येशू कोरलेला आहे, तो त्या कैद्यांचा म्हणून दाखवतात.

घरांची छपरं जरूर निरखून पाहा. जुन्या घरांवर कौलं नसतात, चुनखडीच्या चपट्या फरश्या एकावर एक रचलेल्या असतात. एका चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या आसपास वजन. म्हणून तुळया जाड आणि उतार तीव्र, म्हणजे भार सरळ भिंतीवर उतरतो. सार्ला गावात संध्याकाळी दिवे लागल्यावर त्या मधाच्या रंगाच्या भिंती आणि वरची दगडी छपरं बघत मी एका पायरीवर अर्धा तास बसून होते. सार्ला टिकलं ते 1962 च्या कायद्यामुळे. जुन्या पेठा पाडण्याऐवजी दुरुस्त करायचं तेव्हा ठरलं आणि सार्ला त्याच्या पहिल्या लाभार्थींपैकी एक. आठवडी बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. शनिवारी सकाळी नऊच्या आत पोचा.

आणि मग वेझेर नदीचं खोरं. 12 सप्टेंबर 1940 रोजी मोंतिन्याकजवळ चार मुलांना लास्कोची गुहा सापडली. भिंतीवरचे बैल, घोडे सुमारे 17 हजार वर्षांपूर्वीचे. बघायला येणाऱ्यांच्या श्वासाने चित्रांवर बुरशी-शेवाळ धरू लागलं, म्हणून 1963 मध्ये गुहा बंद केली. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत माणसं मोजून का सोडतात, ते इथे नीट कळतं. आज बघायला मिळते ती 2016 मध्ये उघडलेली पूर्ण प्रतिकृती. काहींना ते फसवल्यासारखं वाटतं. मला नाही वाटलं, काम तितक्या निष्ठेने केलं आहे. तरीही मूळ चित्रंच हवी असतील तर दोन वाटा आहेत. फाँ-द-गोममध्ये अजून मूळ रंगीत चित्रं पाहता येतात, पण दिवसाला अगदी थोडी माणसं सोडतात, तेव्हा आधी जागा राखून ठेवावी लागते. रुफिन्याकच्या गुहेत विजेवर चालणारी छोटी गाडी आत नेते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला गुडघ्यांमुळे कुठेच चढता येत नव्हतं, ती या गाडीत बसून थेट मॅमथच्या चित्रांखाली जाऊन आली. वर बघत हळूच म्हणाली, "अगं, किती सराईत हात आहे." त्या सहलीतलं मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलेलं तेच.

लुबेरों: गेरूची माती

लॅव्हेंडर बाजूला ठेवलं तर लुबेरोंमधलं अस्सल गाव रुसियों. डोंगरच गेरूचा आहे. तांबडा, केशरी, पिवडीसारखा पिवळा, असे थर उघडे पडलेले, आणि घरांना गिलावा त्याच मातीचा. इथून गेरू काढून, धुऊन, वाळवून दूरदेशी जायचा. खाणी थांबल्या, आता तिथे चालायची वाट आहे. कोकणात आणि गोव्यात देवळांच्या भिंतींवरचं कावीकाम ज्यांनी पाहिलंय त्यांना हा रंग ओळखीचा वाटेल. पांढरे बूट घालून जाऊ नका. माझ्या बुटांच्या शिवणीतली तांबडी माती पुण्यात आल्यावरही निघाली नाही.

गोर्द मात्र मला लांबूनच आवडलं. समोरच्या वळणावरून दिसणारं डोंगरभर चढत गेलेलं दगडी गाव अप्रतिम आहे. आत गेलं की गाडी लावण्याचे पैसे, दुकानं आणि गर्दी. त्यापेक्षा जवळच्या बोरींच्या वस्तीत वेळ घालवा. चुना-मातीशिवाय, नुसते दगड रचून केलेल्या झोपड्या, आणि छतही दगडाचंच. सेनांकचा मठ 1148 मधला, आजही भिक्षू राहतात, तेव्हा तिथे आवाज बेताने. लुर्मारां या गावच्या स्मशानात फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूची साधी कबर आहे.

एक अडचण सांगायला हवी. उन्हाळ्यात वणव्याचा धोका वाढला की डोंगरातल्या वाटा त्या दिवसापुरत्या बंद करतात. शिवाय मिस्त्रल नावाचा उत्तरेचा वारा सुटला की दोन-चार दिवस कानात घोंघावत राहतो. मनात एक मोकळा दिवस धरूनच जा.

अल्सास: गाडीशिवाय

घरात कुणालाच उजव्या बाजूने गाडी हाकायची नसेल तर इथे चर्चा संपली, अल्सास घ्या. पॅरिसहून स्ट्रासबूर्ग वेगवान रेल्वेने पावणेदोन तासांत, तिथून कोल्मार अर्ध्या तासावर. कोल्मारहून गावांना बस जातात, रविवारी कमी. सगळ्यात छान म्हणजे पायी जाणं. रिकवीरहून उनावीर आणि पुढे रिबोविले, द्राक्षमळ्यांतून सारं मिळून चार-पाच किलोमीटर. उनावीरचं तटबंदीचं चर्च मळ्यांच्या मधोमध उभं आहे, आणि कॅथलिक व प्रोटेस्टंट दोघेही तेच वापरतात.

लाकडी चौकटींची रंगीत घरं, खिडक्यांत फुलं, धुराड्यांवर करकोच्यांची घरटी. नाशिककडच्या मळ्यांत फिरलेल्यांना मळा नवा नाही, पण मळ्याला इतकं लगटून असलेलं गाव नवं वाटेल. रिकवीरच्या वेशीवरचा दोल्दर बुरूज 1291 चा. हे गाव युद्धातून वाचलं, जवळची बेनवीर आणि सिगोल्साइम 1944-45 च्या लढाईत जमीनदोस्त झाली. त्या नव्या बांधणीच्या गावांतूनही एक फेरी मारा, म्हणजे रिकवीरचं टिकणं किती नशिबाचं होतं ते दिसतं. 1871 ते 1945 मध्ये हा प्रांत चार वेळा हात बदलून गेला. गावांची नावं जर्मन वळणाची आहेत ती त्याहून जुनी, इथल्या जर्मन वळणाच्या बोलीतली, आणि पाव फ्रेंच.

उणं एवढंच की इथली गावं एकमेकींसारखी आहेत. चौथ्या गावानंतर नवेपणा ओसरतो. तीन रात्री पुरतात, आठवडा नको.

शाकाहारी असाल तर

दोर्दोन्य अवघड आहे. बदक, बदकाचं यकृत, बदकाची चरबी. सार्ला पद्धतीचे लसूण घातलेले बटाटे दिसायला आपल्या काचऱ्यांसारखे, पण परततात बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत. मी निम्मी बशी संपवल्यावर विचारलं, तुम्ही आधी विचारा. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या आणि बाजारातून अक्रोड, बकरीच्या दुधाचं चीज, भाज्या आणा. आम्ही सोबत मेतकूट आणि लसणीची चटणी नेली होती, पावाबरोबर छान लागली. लुबेरोंमध्ये भाज्या मुबलक. फक्त काळ्या ऑलिव्हच्या 'तापनाद' चटणीत बहुधा मासळी असते. अल्सासची पातळ कांदा-मलईची भाकरी डुकराच्या मांसाचे तुकडे न घालता सहज करून देतात. कुठेही असा, दुपारी दोननंतर खाणावळींची चूल बंद होते आणि संध्याकाळी सातच्या आधी पेटत नाही.

दोर्दोन्य ठरवलंत तर

बोर्दोहून सार्लापर्यंत रेल्वे आहे, पण पुढे गाडी हवीच. भारतीय परवान्याबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. दोन नियम पाठ करून जा: चौकातल्या वर्तुळात आधीपासून असलेल्याला, म्हणजे डावीकडून येणाऱ्याला, आधी जाऊ द्यायचं, आणि गावातल्या पाटी नसलेल्या तिठ्यावर उजवीकडून येणाऱ्याला. मुक्काम सार्लात किंवा दोममध्ये पाच रात्री. एक दिवस वेझेरच्या गुहांचा, एक किल्ल्यांचा, एक बाजाराचा आणि एक पूर्ण दिवस नदीवर. व्हित्राकहून वल्ह्यांची होडी भाड्याने मिळते, प्रवाहाबरोबर बेनाकपर्यंत जाता येतं आणि होडीवाले गाडीने परत आणून सोडतात. सकाळी लवकरची होडी घ्या. ला रोक-गाजाकसमोर पाणी संथ असतं, आणि त्या वेळी कड्यावर ऊन असतं.