टोपीवर टी की ठ? संघासाठी एकाक्षरी बोधचिन्ह निवडताना

दिवाळी सरली की ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात मंडळांची ये-जा सुरू होते. कुणाला टेनिस क्रिकेटसाठी जर्सी हव्या असतात, कुणाला कबड्डीचे टी-शर्ट, कुणाला टोप्या. गेल्या आठवड्यात तिघं पोरं आली होती. त्यातल्या कप्तानाने मोबाईल पुढे केला. बेसबॉलची टोपी, मधोमध एकच अक्षर.

"काका, असाच मोठा टी टाका. नाव नको, वाघ नको, काही नको."

मी विचारलं, "टी कशाचा? ठाण्याचा, टेंभी नाक्याचा की तुर्भ्याचा?"

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्याशी जे बोललो ते इथे जरा सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न घेऊन दर हंगामात आठ-दहा मंडळं येतात. पर्याय तीन असतात: इंग्रजी अक्षर, मराठी अक्षर, नाहीतर पूर्ण नाव आणि चित्र. माझं मत आधीच सांगतो. ठाण्याच्या संघाने ठ घ्यावा. पण प्रत्येक गावाला, प्रत्येक आळीला मराठी अक्षर शोभेलच असं नाही, आणि ते का, हेही सांगायला हवं.

इंग्रजी अक्षर

अमेरिकेतल्या बेसबॉल संघांनी टोपीवर एक अक्षर लावायची पद्धत रूढ केली आणि तिथे ते अक्षर बहुतेक वेळा शहराचं असतं. डेट्रॉइटच्या संघाचं नाव टायगर्स, पण टोपीवर वाघ नाही, जुन्या वळणाचा डी आहे. बॉस्टनच्या टोपीवर बी. म्हणजे संघाने आधी आपला गाव डोक्यावर घेतला. ही गोष्ट मला फार आवडते.

फुटबॉलमधला, म्हणजे त्यांच्या हेल्मेटवाल्या फुटबॉलमधला, सगळ्यांत गाजलेला जी ग्रीन बे पॅकर्सचा. १९६१ साली, व्हिन्स लोम्बार्डी प्रशिक्षक असताना, तो त्यांच्या साहित्य सांभाळणाऱ्या माणसाने तयार केला. हिरव्या लंबगोलात पांढरा जी. तीनच वर्षांनी, १९६४ मध्ये, जॉर्जिया विद्यापीठानेही तसाच जी घेतला. तो पॅकर्सची परवानगी घेऊन. लाल हेल्मेट, पांढरा लंबगोल, काळा जी. इतक्या मोठ्या संघांनाही एक अक्षर वाटून घ्यावं लागलं, कारण अक्षरं सव्वीसच.

आपल्याकडे ही टंचाई आणखी बोचते. इंग्रजीत के लावायचा म्हटलं तर नुसत्या ठाण्यात कोपरी, कळवा, खारेगाव, खोपट, किसननगर, कोलशेत आणि कासारवडवली एवढे दावेदार. एका स्पर्धेत दोन के आमनेसामने आले की गुणफलक लिहिणाऱ्याने काय करायचं? टीची गर्दी तर जगभर आहे. टेस्लाचा टी आहे, टाटांचा आहे, टेनेसी विद्यापीठाचा नारिंगी टी आहे, टेक्सास रेंजर्सच्या टोपीवरही टीच आहे. पोरांनी मला दाखवलेली टोपी नेमकी टेक्सासची होती, आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं.

अर्थात अक्षर तेच असलं तरी वळण वेगळं ठेवता येतं. तीन हात नाक्याच्या सिग्नलला दोन मिनिटं उभं राहून गाड्यांची तोंडं बघा. होंडाचा एच सरळ, खांदे ताणून उभा. ह्युंदाईचा एच तिरका, लंबगोलात धावणारा. दोन माणसं हस्तांदोलन करताहेत असा त्याचा अर्थ कंपनी सांगते. अक्षर एकच, पण पन्नास फुटांवरून कुणाची चूक होत नाही. तुम्हाला इंग्रजी अक्षरच हवं असेल तर एवढी मेहनत करायची तयारी ठेवा. कॉम्प्युटरमधला तयार टी उचलून टोपीवर ठोकला तर तो कुणाचाच राहत नाही.

इंग्रजीच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे: भरतकामाच्या मशीनला ही अक्षरं सोपी जातात. टी, एल, एच, के, एन सगळे सरळ दांड्यांचे. सुई कमी वळते, कडा स्वच्छ येतात, आणि पंचिंगची, म्हणजे टाके कुठे घालायचे ते मशीनला सांगणारी, फाईल बहुतेक दुकानांत तयारच असते.

मराठी अक्षर

शाळेत आपण घोकलं, ठ ठशाचा. छातीवर लावायच्या चिन्हाला यापेक्षा चांगली सुरुवात कुठली मिळणार!

ठ चा आकार नीट बघा. वर शिरोरेषा, तिला लोंबणारा आखूड दांडा आणि खाली पूर्ण गोल. लांबून बघितलं तर दोरीला चेंडू टांगल्यासारखा दिसतो. सहा तुकड्यांच्या टोपीला कपाळावर मधोमध शिवण असते, त्या शिवणीवर अक्षराची तिरकी रेघ आली की टाके सरकतात. ठ चा दांडा बरोब्बर शिवणीवर बसतो आणि गोल दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. क चंही तसंच, दांडा मधोमध. म्हणून कोपरी-कळव्याच्या संघांना मी डोळे मिटून क सुचवतो. आणि खारेगाव-खोपटवाल्यांचं अक्षर मराठीत आपोआप वेगळं होतं. इंग्रजी टीमध्ये ठाणे, टेंभी नाका, तुर्भे, तिन्ही कोंबावे लागतात. मराठीत ठ, ट आणि त अशी तीन स्वतंत्र घरं आहेत.

"पण काका, मराठी अक्षर जुनाट दिसेल," असं एक पोरगा म्हणाला. त्याला मी खिशातली नोट दाखवली. रुपयाचं चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं गेलं. पवईच्या आयआयटीतल्या डी. उदय कुमार यांनी ते काढलं, आणि ते देवनागरी र आणि इंग्रजी आर यांच्या मिलाफातून आलंय. वरची आडवी रेघ म्हणजे आपली शिरोरेषाच. आज ते भाजीच्या पाटीवर आहे आणि मोबाईलच्या कीबोर्डवरही. देवनागरी अक्षर बोधचिन्ह म्हणून चालतं का, या प्रश्नाचं उत्तर रोज आपल्या हातात असतं.

आता अडचणी. इथे मी हात आखडता घेणार नाही, कारण मराठी अक्षराच्या प्रेमापोटी फसलेली मंडळंही मी पाहिली आहेत.

ढोकाळीच्या संघाने ढ लावू नये. शाळेत ढ कुणाला म्हणतात ते समोरच्या संघाच्या पाठीराख्यांना बरोबर माहीत असतं, आणि पहिल्या बाद खेळाडूला ते ऐकायला मिळेल. या संघाने पूर्ण नाव घ्यावं, नाहीतर इंग्रजी डी. घणसोलीच्या घ ची अडचण वेगळी. घ आणि ध यांतला फरक डोक्यावरच्या छोट्या जागेत असतो आणि दोन इंचांच्या भरतकामात तोच पहिल्यांदा बुजतो. वाशीच्या व मध्ये पोट मोकळं राहिलं नाही, तिथे दोरा भरला गेला, की ब वाटायला लागतो. ख खाली जोडून काढला नाही तर सरळ रव वाचला जातो. खारेगावच्या एका संघाच्या टी-शर्टवर मी ते स्वतः पाहिलंय.

आणि ल, श. इथे माझीच एक चूक सांगतो. लोकमान्यनगरच्या काही मुलांना मी ल काढून दिला, छपाई झाली, आणि त्यांच्यातल्या एकाच्या आजोबांनी, निवृत्त शिक्षक ते, जर्सी हातात घेऊन विचारलं, "हा हिंदीतला ल कशाला लावलात?" आपला मराठी ल पाकळीचा, मराठी श देठाचा. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं दिली आहेत. मी घेतलेल्या फाँटमध्ये हिंदी वळण आपोआप आलं होतं आणि मी ते तपासलंच नाही. बावीस जर्सी पुन्हा छापल्या, माझ्या खर्चाने. तेव्हापासून ल आणि श मी हाताने काढतो. लोकमान्यनगर, शिवाईनगर, श्रीनगर यांच्या मंडळांनी हे दुकानदाराला पहिल्याच दिवशी बजावून ठेवावं.

ठ लावायचा की ठा, हाही प्रश्न येतो आणि तो चांगला प्रश्न आहे. मराठीत आपण नाव आखूड करताना काना-मात्रा सोडत नाही. ठाणे महापालिकेची ठामपा होते, नवी मुंबईची नमुंमपा. त्या हिशेबाने ठा बरोबर. पण काना लागला की अक्षर उजवीकडे झुकतं, टोपीवर मधोमध बसत नाही, आणि गोलाची ताकद अर्धी होते. बोधचिन्हात मी ठ च ठेवतो. खाली बारीक ठाणे लिहिलं की शंका राहत नाही. नवी मुंबईवाल्यांना मात्र इथे सोपं उत्तर नाही. नुसता न फार बुटका आणि कुणाचाही वाटतो. त्यांनी आपल्या नोडचं, म्हणजे शहरातल्या आपल्या भागाचं, अक्षर घ्यावं, सानपाड्याचा स उत्तम दिसतो.

फाँटबद्दल थोडक्यात. मुंबईच्या एक टाइप या स्टुडिओचे मुक्ता आणि मोदक हे फाँट मोफत मिळतात आणि बोधचिन्हासाठी वापरायला परवानगीही आहे. मुक्ता स्वच्छ आहे, सुरुवातीचा आराखडा करायला चांगला. मोदक नावाप्रमाणे गुबगुबीत, फ्लेक्सवर फार गोड दिसतो, पण त्याच्या पोटातल्या फटी इतक्या बारीक की टोपीवर दोऱ्याने बुजतात. दोन्हींतलं अक्षर हजारोंकडे असणार, म्हणून त्यावरून हात फिरवून आपलं वळण आणा. ठ मध्ये गोलाचं भोक जरा मोठंच ठेवा, नाहीतर लांबून नुसता काळा चेंडू दिसतो.

पूर्ण नाव आणि चित्र

हा पर्याय बऱ्याच जणांना जुना वाटतो, पण पहिल्या वर्षाच्या संघाला तोच बरा. नुसतं अक्षर ओळखू यायला आधी लोकांनी तुम्हाला ओळखावं लागतं. मॅकडोनाल्ड्सचा एम १९६२ मध्ये दुकानाच्या दोन बाजूंच्या कमानींवरून काढला गेला, म्हणजे लोकांनी कमानी आधी पाहिल्या होत्या. उलट जुलै २०२३ मध्ये ट्विटरचं एक्स झालं आणि आजही माझ्या गाळ्यात येणारा प्रत्येकजण ट्विटरच म्हणतो.

चित्राचा त्रास आकारात आहे. युनिलिव्हरचा यू साबणाच्या वेष्टनावर जवळून बघा. त्यात पंचवीस छोटी चित्रं गुंफलेली आहेत, मोठ्या पाटीवर सुरेख, पण बोटाएवढ्या जागेत सगळा ठिपक्यांचा घोळका होतो. मंडळाच्या वाघ-तलवार-चेंडू-बॅटचं टोपीवर हेच होतं. तेच चित्र दहा फुटी फ्लेक्सवर मात्र रुबाबदार दिसतं.

जुन्या संघांनी चित्र टाकून अक्षराकडे येताना पाठीराख्यांना विचारावं. इटलीतल्या युव्हेंटसने २०१७ मध्ये जुनं बोधचिन्ह, त्यातला बैल आणि सगळं, बाजूला ठेवून दोन रेघांचा जे आणला. सुरुवातीला चाहते चिडले होते. तुमच्या मंडळाचं चिन्ह तीस वर्षं गणपतीच्या पावतीवर असेल तर ते एका हंगामात पुसू नका. जर्सीच्या बाहीवर जुनं, टोपीवर नवं, असं चालतं.

छापण्याआधी

जे अक्षर ठरेल ते एकाच रंगात काढून चार ठिकाणी तपासा: टोपीवर, व्हॉट्सअॅपच्या डीपीत, दुचाकीवर लावायच्या रेडियममध्ये, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून. चारही जागी वाचता आलं तरच पुढे जा. मग एकच मूळ फाईल ठेवा, ती मंडळाच्या सचिवाकडे असू द्या आणि प्रत्येक दुकानदाराला तीच द्या. डेट्रॉइटच्या टोपीवरचा डी आणि जर्सीवरचा डी २०१८पर्यंत वेगवेगळे होते! त्यांना शंभर वर्षांची ओळख होती म्हणून खपलं, आपलं नाही खपणार.

नोंदणी करायची असेल तर नुसतं टाइप केलेलं अक्षर ट्रेडमार्क म्हणून मिळणं कठीण, कारण त्यात वेगळेपण नसतं. खास वळणाचं, रेखाटलेलं अक्षर असेल तर अर्जाला अर्थ आहे. ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गासाठी व्यक्तीला ४,५०० रुपये आणि मंडळ-संस्थेला ९,०००. नोंदणी दहा वर्षं टिकते, मग नूतनीकरण. गल्लीच्या संघाला याची गरज नाही. अकादमी काढून फी घेणार असाल, जर्सी विकणार असाल, तर जरूर करा.

ती तीन पोरं दोन दिवसांनी परत आली. कप्तानाच्या बहिणीने वहीच्या चौकटीच्या पानावर ठ काढून दिला होता. त्यातला गोल शाईची बाटली ठेवून आखलेला, शिरोरेषा डावीकडे जरा जास्त लांब. मी ती डावीकडे अर्धा चौकोन कापायला सांगितली, तिने फोनवर लगेच होकार दिला. पान मी स्कॅन करून ठेवलंय, सोमवारी पंचिंगला जाईल. निळी टोपी, पांढरा दोरा.