नवं वेष्टन, जुना सेल: लिथियम सेल घेताना सावध राहा

१८६५० मापाच्या लिथियम सेलवर ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता) छापलेलं दिसलं, तर तो खोटाच. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब नळकांड्यात आज साधारण ३५०० च्या आसपासच मावतं. पण मला फसवलं ते याहून सफाईने.

गावाकडे शेतीची वीज रात्री येते. वडिलांना पाणी द्यायला अंधारातच जावं लागतं, म्हणून त्यांच्या टॉर्चसाठी ऑनलाइन सेल मागवले. नामांकित कोरियन कंपनीचं वेष्टन, ३००० एमएएच, किंमतही बाजारभावाची. टॉर्च लवकरच मंदावू लागला. विक्रेत्याचं उत्तर गोड होतं: "सर, नवीन सेल आहे, चार-पाच वेळा फुल चार्ज करा, मग ताकद धरेल." खरी लबाडी इथे आहे. लिथियम सेलला अशी सवय लावावी लागत नाही, तो पहिल्या चार्जपासून पूर्ण क्षमता देतो. मात्र चार-पाच चार्ज होईपर्यंत माल परत करायची मुदत निघून जाते.

ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने एका सेलचं वेष्टन सोललं. (हे घरी करू नका. वरचं टोक सोडलं तर सगळा डबा ऋण असतो, पातं घसरलं की शॉर्ट.) टोकांवर स्पॉट वेल्डिंगचे ठिपके (पॅकमध्ये सेल धातूच्या पट्टीने जोडताना पडतात ते) आणि पट्टी उपटल्याच्या खुणा होत्या. म्हणजे जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधले सेल, वर नवं प्लास्टिक. टेस्टरवर निम्मीही क्षमता भरली नाही.

टॉर्च नुसता मंदावतो, पण हेच सेल व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, यंत्रातही बसतात. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे. परदेशात मात्र आपली मुलंही ती यंत्रं घरी उघडून कमी ओहमची (कमी रोधाची) कॉइल, म्हणजे वाफ करणारी तापती तार, लावतात. भरलेल्या सेलचे ४.२ व्होल्ट आणि ०.२ ओहमची कॉइल म्हणजे २१ अँपिअर. लॅपटॉपचा सेल त्यासाठी बनलेलाच नसतो, आणि मेकॅनिकल मॉडमध्ये, म्हणजे सेल थेट कॉइलला जोडणाऱ्या साध्या व्हेपमध्ये, प्रवाह तोडणारं सर्किटही नसतं. २०१८ साली फ्लोरिडात आणि २०१९ साली टेक्सासमध्ये व्हेपच्या स्फोटाने माणसं दगावली आहेत. आपल्या पोरांना हे जरूर सांगा.

वजनावर फार विसंबू नका. अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, त्यामुळे ९९०० वाले हलके सेल तराजूवर पकडले जातात, पण लॅपटॉपमधले जुने सेल वजनाला बरोबर उतरतात. क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर सेल आल्याच दिवशी लावा आणि पाकीट उघडतानाचा व्हिडिओ ठेवा.

विक्रेत्याने हात वर केले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, वेल्डिंगच्या ठिपक्यांच्या फोटोंसह तक्रार केली, तेव्हा वेबसाइटने पैसे परत दिले. तो विक्रेता अजून तिथेच सेल विकतोय.