गो-कार्टचं ‘पूर्ण किट’ आणि घासलेला इंजिन नंबर

नाशिकमध्ये सध्या ‘ऑफ-रोड गो-कार्टचं’, म्हणजे मातीत चालवायच्या छोट्या उघड्या गाडीचं, ‘पूर्ण किट’ विकणारा एक इसम आहे. चेसिसचा (सांगाड्याचा) पाइप, पल्सर १५० चं इंजिन, मागचा एक्सल, स्टीअरिंग, हब, सगळं एका ठिकाणी, ४२ हजारांत. जाहिरात ऑनलाइन टाकतो आणि माल बघायला अंबडच्या बाजूला एका गाळ्यात बोलावतो. प्रकरण पोलिसांत आहे, शिवाय त्याने आम्हाला सांगितलेलं नाव तरी खरं होतं की नाही देव जाणे, म्हणून नाव लिहीत नाही. त्याने कसं गंडवलं ते मात्र सगळं लिहितो.

भाचा मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. मखमलाबादच्या पुढे आमचा द्राक्षाचा मळा, त्यातली एक जुनी बाग काढून टाकल्याने रान मोकळं पडलंय. तिथे चालवायला गाडी बनवायची असं त्याच्या डोक्यात आलं. घरी बनवलेल्या गाडीला पासिंग नाही, त्यामुळे रस्त्यावर काढायचा प्रश्नच नव्हता. मी म्हटलं, बागेचे लोखंडी अँगल पडलेत ढीगभर, तेच जोडू. तो हसला. अँगल उभा भार घेतो, पण पीळ पडला की वाकतो. ढेकळांत एक चाक वर, एक खाली झालं की सगळा पीळ चेसिसवर येतो, म्हणून गोल पाइपच हवा, असं त्याचं म्हणणं. पटलं. इथपर्यंत सगळं रीतसर चाललं होतं.

गाळ्यातला माणूस बोलायला गोड. “दादा, कॉलेजच्या पोरांना मीच माल देतो. हे इंजिन बाजाच्या गाडीतून काढलेलं आहे, एक सीझनसुद्धा पुरतं चाललेलं नाही.” हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण यातच तो पकडला जातो. इंदूरजवळ पिथमपूरला होणारी बाजा एसएईइंडिया ही स्पर्धा इंजिनिअरिंगच्या मुलांना चांगली माहीत असते. तिथल्या पेट्रोल गाड्यांना बरीच वर्षं एकाच प्रकारचं, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ३०५ सीसी, १० एचपीचं इंजिन सक्तीचं आहे. त्या गाडीत पल्सरचं इंजिन बसणारच कसं? भाच्याच्या एका सीनिअरने हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. पण तोवर माल मळ्यावर येऊन पडला होता.

इंजिन दाखवायची त्याची रीत बघा. आम्ही पोहोचलो तेव्हा ते स्टँडवर चालूच होतं. पेट्रोलची बाटली वर टांगलेली, आणि सायलेन्सरला लांब पाइप जोडून तो मागच्या शटरच्या फटीतून बाहेर काढलेला. “आत धूर नको दादा, पोरं खोकतात.” मग त्याने इंजिन बंद केलं, लगेच एक किक मारली आणि ते पुन्हा सुरू झालं. आवाज भरीव, टकटक अजिबात नाही. वरून ताजा चंदेरी रंग मारलेला. इंजिन नंबर त्याने स्वतःहून वाचून दाखवला आणि पावतीवर लिहूनही दिला. गाडी अपघातात गेलीय, आरसी जमा आहे, तिची कॉपी चार दिवसांत देतो, म्हणाला. १५ हजार ऑनलाइन घेतले, तेही दुसऱ्याच नावाच्या खात्यावर, “पार्टनरचं आहे” म्हणून. उरलेले रोख. पावती साध्या वहीच्या कागदावर. जीएसटी नंबर नाही की पत्ता नाही.

मळ्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनला किक मारली. मारतच राहिलो. शेवटी सुरू झालं तेव्हा सायलेन्सरमधून निळसर धूर असा निघाला की शेजारच्या मळ्यातला गडी बघायला आला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिंगा, बोअर किंवा व्हॉल्व्हचे सील, यांपैकी काहीतरी गेलंय. काळा असता तर कार्बोरेटर बघून भागलं असतं. ऑइल बदलायला भाच्याने खालचा बोल्ट काढला, तर आतून काकवीसारखी जाड धार पडली. पल्सरला २०डब्ल्यू५० दर्जाचं इंजिन ऑइल लागतं. याने गिअर ऑइलसारखं काहीतरी घट्ट ओतलं होतं. घट्ट तेलामुळे कनेक्टिंग रॉडचा खुळखुळाट दबतो आणि गरम इंजिनला काही वेळ धूरही कमी येतो. साधं ऑइल घालून पुन्हा सुरू केलं, तेव्हा खरा आवाज ऐकू आला. लोखंडी डब्यात खडे हलवल्याचा.

इंजिन खराब निघालं इतकंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. भंगारातल्या मालाचं असं होतं, बोअर करून घेतलं असतं. खरी गोष्ट रंगाखाली होती. ऑइलचे ओघळ पुसायला भाच्याने थिनरचा बोळा फिरवला, तसा क्रँककेसवरचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ओतीव कवचावरचा, चंदेरी रंग निघाला आणि नंबराची जागा उघडी पडली. ओतीव अॅल्युमिनियमची खरखर आजूबाजूला तशीच, आणि बरोबर नंबराच्या पट्टीत गुळगुळीत, किंचित खोलगट. नख फिरवलं तर कडेला उतार लागतो. तिरपं उजेडात धरलं की ग्राइंडरच्या बारीक रेघा दिसतात. आकडे हाताने पंच केलेले, एक आठ डावीकडे कललेला, शेवटचे दोन इतरांपेक्षा खोल. कंपनीच्या नंबराची ओळ अशी नसते. माझ्या पोटात गोळा आला.

ओळखीच्या वकिलांना फोन केला. त्यांनी पैशाचं नंतर बघू म्हणून आधी इंजिनाबद्दल विचारलं. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३१७ प्रमाणे वस्तू चोरीची आहे हे ठाऊक असताना, किंवा तसं मानायला कारण असताना ती अप्रामाणिकपणे जवळ ठेवणं हाच गुन्हा. आधी हे भारतीय दंड संहितेचं कलम ४११ होतं. म्हणजे घासलेला नंबर डोळ्यांनी पाहिल्यावर ते इंजिन गुपचूप गाडीला लावलं किंवा ‘आपलं नुकसान नको’ म्हणून दुसऱ्याला विकलं, तर चोराच्या शेजारी आपण. त्यांच्या सांगण्यावरून लेखी अर्ज केला, सोबत फोटो, पावती आणि पैसे पाठवल्याची नोंद जोडली आणि इंजिन जमा केलं. फसवणुकीचं कलम ३१८ वेगळं. नंबर पंच करताना खालच्या धातूवरही दाब बसलेला असतो, त्यामुळे वरचा थर घासला तरी प्रयोगशाळेत रसायन लावून जुने आकडे पुष्कळदा वाचता येतात, हेही त्यांनीच सांगितलं. ऐकून जरा बरं वाटलं. ज्याची गाडी गेली असेल त्यालाही काहीतरी कळेल.

मग बाकीच्या मालाकडे संशयाने बघायला लागलो. पाइप ‘१ इंची, १४ गेज (गेज म्हणजे जाडीचं माप), सीमलेस (बिनजोड)’ म्हणून दिला होता. टोकांना प्लास्टिकच्या टोप्या घट्ट ठोकलेल्या, म्हणजे जाडी दिसायलाच नको. टोपी काढून बोट घातलं तर आत जोडाची उभी रेघ लागली. म्हणजे सीमलेस नाही, ईआरडब्ल्यू, पत्रा वळवून वेल्डिंगने जोडलेला. ईआरडब्ल्यू वाईट असतो असं नाही, पैसे मात्र सीमलेसचे घेतलेले. जाडीसाठी व्हर्निअरही लागला नाही. बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, त्याला जाडीने गुणा, मग ०.०२४६६ ने गुणा. मापं मिलिमीटरमध्ये घेतली की मीटरमागे किलो मिळतात. १४ गेज म्हणजे साधारण २ मिलिमीटर, तेव्हा ६ मीटरचा नग ७ किलोच्या आसपास भरायला हवा. द्राक्षाच्या काट्यावर ठेवला, सव्वाचार किलोच्या जरासा वर. म्हणजे पाइप १८ गेजचा, १४ हून पातळ. यावर वेल्डिंग करायला गेलं तर भोकं पडतात, आणि गाडी उलटली तर डोक्यावरचा पाइप डोक्यावरच बसतो. इंजिनाच्या फसवणुकीत पैसे जातात, इथे पोराचा जीव गेला असता, म्हणून या पाइपाचा राग मला इंजिनापेक्षा जास्त आहे.

एक्सलच्या शाफ्टच्या टोकाला रंगाने ‘ईएन-८’, म्हणजे जास्त मजबूत पोलाद, असं लिहिलेलं. की-वे (चावीची खाच) पाडायला सातपूरच्या टर्नरकडे नेला, त्याने निघालेला कीस बघूनच साधा एमएस, म्हणजे नरम पोलाद, असल्याचं सांगितलं. फार बोललाही नाही, रोज बघत असावा.

त्या माणसाला फोन केला तर आधी “माल बघून घेतला ना दादा”, मग “पार्टनर बाहेरगावी आहे”, आणि घासलेल्या नंबराचा विषय काढताच फोन बंद. गाळ्यावर गेलो तर शटरला दुसऱ्याचंच कुलूप. गाळा त्याने भाड्याने घेतलेला होता, महिन्याच्या बोलीवर.

आता भाच्याने दुसरा मार्ग धरलाय. दिंडोरीकडच्या एका पाहुण्याची अपघातात चेसिस वाकलेली एमएच-१५ ची जुनी पल्सर आरसीसकट घेतली. सुटं इंजिन घेण्यापेक्षा हे महाग नाही पडलं, आणि इंजिन, वायरिंग, कार्बोरेटर, चेन असं सगळं एकाच गाडीचं मिळालं. गाडीचा नंबर हातात असला की सरकारच्या एमपरिवहन अॅपवर मॉडेल आणि नोंदणीची तारीख बघता येते. सुटं इंजिन विकणारा गाडीचा नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फिरा. आधी ती आमच्या नावावर करायची, मग पेठ रोडच्या आरटीओत नोंदणी रद्द करून घ्यायची आणि त्यानंतरच इंजिन उतरवायचं असं ठरलंय. कंटाळवाणं काम आहे, पण होईल.

तपास चालू आहे, पैसे मिळालेले नाहीत. त्याच्याकडून इंजिन घेतलेलं आणखी कोणी असेल तर गिअर लिव्हरजवळ क्रँककेसवरचा रंग थिनरने पुसा आणि नंबराच्या पट्टीवर नख फिरवा. खोलगट लागलं तर इंजिन उघडू नका, विकू नका. फोटो काढून ठेवा आणि पावती घेऊन पोलिसांत लेखी अर्ज द्या. दुसरा तक्रारदार आला तर दोन्ही प्रकरणं एकत्र बघता येतील, असं आम्हाला तिथे सांगितलंय.