नॉइज कॅन्सलिंग हेडफोन: पंखा गप्प, मामी चालूच

गाण्यांसाठी नाही हं, मूड सांभाळायला घेतले. आमचं घर दांडिया बाजारात, वर्क फ्रॉम होम, आणि मामी सकाळी पेपर उघडला की सुरू... बडोदा पूर्वीचं राहिलं नाही, भाजी महाग, शेजारच्यांचा मुलगा कॅनडाला गेला आता परत कशाला येतोय, आणि हे सगळं दहाच्या मीटिंगच्या आत.

तर हेडफोन. बाहेरचे माइक आवाज पकडतात आणि आत त्याची उलटी लहर सोडतात, दोन्ही एकमेकांना मारतात. पण हे जमतं ते एकसारख्या घरघरीला, म्हणजे पंखा, एसी, बसचं इंजिन. पंखा तर असा गायब झाला की मी वर बघितलं फिरतोय का. माणसाचा आवाज मात्र सारखा वरखाली होतो, तो पूर्ण जात नाही, कुशन अडवेल तेवढाच, त्यात माझा चष्मा, दांडीपाशी फट राहते आणि तिथूनच ऐकू येतं "तुमच्या पिढीला काही पडलेलीच नाही!!"

हलकं गाणं लावलं की मामीचे शब्द कळत नाहीत, नुसता सूर येतो, तेवढं पुरतं. आणि खरा फायदा वेगळाच, कानावर दिसले की मामी मोर्चा मामांकडे वळवते 😄

कमाटी बागेत फिरताना वाऱ्याने माइकमध्ये फरफर होते, तिथे एएनसी, म्हणजे ही आवाज मारायची सोय, बंदच ठेवा. उन्हाळ्यात कान घामेजतात. चार स्टार, एक मामांसाठी कापला.